बंद घर उघडलं की न्हाणीत कुजकट वास: जाळीखालचं दोन इंच पाणी टिकवायचं कसं?

केरी_पेडणे (प्रश्न)

पेडणे तालुक्यातलं गावचं घर. मे महिन्याच्या मध्यावर बंद होतं आणि थेट चवथीला उघडतं. खाली एक न्हाणी-संडास, वर एक. परसात सेप्टिक टँक आणि त्याला जोडून सोकपिट, म्हणजे टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा. गच्चीवर अलीकडे पत्रे घातले आहेत.

दार उघडलं की दोन्ही मजल्यांवर सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि झुरळं असतात ती वेगळीच. खालच्या न्हाणीत दोन बादल्या पाणी ओतलं की तासाभरात वास जातो. वर मात्र पाणी ओतूनही दुसऱ्या दिवशी परत येतो. वरचा फ्लश ओढला की वॉश बेसिनमधून घटघट आवाजही येतो.

प्लंबर म्हणतो, दोन्हीकडच्या लाद्या फोडून ट्रॅप बदलावे लागतील. शेजारी डांबराच्या गोळ्या टाकायला सांगतात. फोडाफोड करण्याआधी काय तपासावं? आणि तीन महिने पाणी आटू नये म्हणून काय करता येतं?

---

नळजोड_फोंडा

लाद्या फोडायची घाई करू नका. खाली आणि वर, दोन वेगळे आजार आहेत. मी खालचं सांगतो.

जाळीखाली पाइपला एक वळण असतं आणि त्या वळणात पाणी कायम साचून राहतं. सांडपाणी त्यातून पलीकडे जातं, पण पलीकडचा वायू आणि किडे अलीकडे येऊ शकत नाहीत. हाच ट्रॅप. पाण्याचा जो थर वायूला अडवतो त्याला सील म्हणतात, आणि तो किमान ५० मिमी म्हणजे दोन इंच असावा असा आपल्याकडचा नियम आहे. एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोलीतल्या ट्रॅपमधून रोज दीड-दोन मिमी पाणी उडतं असं धरून चाला. म्हणजे पुरत्या दोन इंचांचा ट्रॅप साधारण महिनाभर तग धरतो. पाऊस लागला की हवा इतकी दमट होते की आटणं जवळजवळ थांबतं. तुमचं घर मेच्या मध्यावर बंद होतं, म्हणजे कडक उन्हाचे दिवस तीनेक आठवडेच. चांगला ट्रॅप यात कोरडा पडायला नको. खालचा पडतो, याचा अर्थ बहुधा त्याचं सील मुळातच उथळ आहे.

आता जाळी उचला आणि टॉर्च मारून आत बघा. दोनपैकी एक प्रकार दिसेल.

पहिला वाटीचा. मधोमध एक उभी नळी आणि तिच्यावर उपडी घातलेली टोपी. टोपीचा काठ पाण्यात जेवढा बुडतो तेवढंच सील. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त मालात ते जेमतेम १० ते २० मिमी भरतं. त्याहून वाईट म्हणजे टोपीत केस अडकतात, पाणी तुंबतं, मग साफसफाई करताना कोणीतरी ती काढून कोपऱ्यात ठेवतो आणि परत बसवत नाही. टोपी नसली तर नळीचं तोंड उघडंच. मग कितीही बादल्या ओता, तासाभरापुरताच आराम. आमच्याकडे येणाऱ्या वासाच्या तक्रारींत सगळ्यात आधी मी ही टोपी शोधायला सांगतो.

दुसरा वळणाचा. यात टोपी नसते, खाली गोल वळण असतं. नारळाच्या झावळीचा सरळ हीर घ्या, तळाला टेकेपर्यंत उभा खाली घाला आणि बाहेर काढून ओला भाग मोजा. त्यातून पाइपचा आतला व्यास वजा केला की सील मिळतं. ७५ मिमी पाइपचा आतला व्यास साधारण ७० असतो. हीर १२० मिमी ओला झाला तर सील ५० म्हणजे ठणठणीत. ९५ भरला तर २५, म्हणजे एकतर पाणी आटतंय किंवा ट्रॅप बसवताना वाकडा बसलाय. हे माप दोनदा घ्या: एकदा बादलीभर पाणी ओतल्यावर लगेच आणि एकदा दुसऱ्या दिवशी, मधे न्हाणी न वापरता. दोन्ही मापं सारखी आली तर ट्रॅप चांगला आहे. रात्रीत एकदम इंचभर उतरलं तर ते आटणं नव्हे. कुठेतरी चीर आहे, किंवा केसांचा झुबका वळणावरून पलीकडे लोंबतोय आणि वातीसारखं पाणी ओढून नेतोय. झुबका तारेच्या आकड्याने निघतो. चीर असेल तर मात्र लादी उचलावी लागते.

वाटीचा ट्रॅप असेल तर तीच चौकट ठेवून आत बसणारी जास्त खोल वाटी मिळते का ते आधी बघा. पुष्कळदा मिळते. त्यात काम होतं.

---

सावर्डे_बांधकाम

वरच्या मजल्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे: गच्चीवर पत्रे घातले.

संडासाच्या उभ्या ११० मिमी पाइपचं वरचं तोंड उघडं असायला हवं. फ्लशचं सहा ते दहा लिटर पाणी एका दमात खाली येतं तेव्हा त्याच्या मागे पोकळी होते. वरून हवा मिळाली तर ती पोकळी भरते. नाही मिळाली तर पाइप जवळच्या ट्रॅपमधून हवा खेचतो, म्हणजे त्या ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतो. बेसिनमधली घटघट तीच. प्रत्येक फ्लशला थोडं थोडं सील रिकामं होतं आणि दुसऱ्या दिवशी वास परत येतो.

गोव्यात गेल्या काही वर्षांत गच्चीवर पत्रे घालायची पद्धत सगळीकडे झाली. पावसासाठी ते बरोबरच आहे. पण पत्रेवाला हवेसाठी वर नेलेला हा पाइप, म्हणजे व्हेंट, पत्र्याखालीच कापतो किंवा पाणी आत जाईल म्हणून वर बूच ठोकतो. बूच असेल तर ट्रॅप ओढले जातात. पत्र्याखाली कापला असेल तर वायू पत्र्याखाली कोंडतो आणि जिन्यातून घरात उतरतो. वर जाऊन बघा, या दोनांपैकी एक नक्की सापडेल.

उपाय: पत्र्याला भोक पाडून पाइप वर काढा, भोकाभोवती रबरी बूट किंवा पत्र्याची कॉलर बसवून सिलिकॉन भरा, आणि तोंडावर जाळीची टोपी लावा. आयएस २४७० या भारतीय मानकात सेप्टिक टँकच्या व्हेंटसाठी सांगितलेली उंची घराजवळच्या टँकला छपराच्या वर २ मीटर आहे. इतकं शक्य नसेल तरी निदान खिडक्यांच्या आणि पाण्याच्या टाकीच्या बराच वर न्या. पाइप वर काढणं अगदीच अशक्य असेल तर आत हवा घेणारी एकतर्फी झडप मिळते. ती बेसिनच्या काठाच्या वर, हात पोचेल अशा जागी बसवायची. पण ती हवा फक्त आत घेते, वायू बाहेर सोडत नाही. त्यामुळे टँकचा स्वतःचा व्हेंट उघडा असायलाच हवा.

बेसिनखालीही वाकून बघा. पांढरा सुरकुत्यांचा पाइप सरळ भिंतीत घुसवला असेल तर तिथे ट्रॅपच नाही. ३२ मिमीचा बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा, तळाशी उघडणारी वाटी असलेला) बसवा, हाताने आवळला जातो. त्याच्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे पाणी रबरी वॉशर अडवतो, आटे नव्हे. टेपमुळे नट तिरका बसतो आणि नंतर ठिबकतो.

वास कोणत्या महिन्यात येतो त्यावरूनही पुष्कळ कळतं. मेमध्ये वास, आवाज काही नाही: सील आटलं. बारमाही वास आणि घटघट: व्हेंट. जुलै-ऑगस्टमध्येच वास, आणि फ्लश ओढल्यावर खालच्या जाळीतून बुडबुडे वर येतात: टँक तुंबली आहे. पावसात जमिनीतलं पाणी चढतं, सोकपिट पाणी घेत नाही, टँकमधली पातळी येणाऱ्या पाइपच्या वर जाते आणि पाइपमधल्या हवेला बाहेर पडायला फक्त तुमची न्हाणी उरते. असं असेल तर ट्रॅप बदलून काहीही होणार नाही. छपराची पन्हळ सोकपिटात सोडली आहे का ते आधी पाहा, असेल तर तोडा. परसातल्या गली ट्रॅपचा (सांडपाणी घेणारा घराबाहेरचा जाळीचा ट्रॅप) काठ अंगणापेक्षा १०० ते १५० मिमी वर हवा, नाहीतर अंगणातलं सगळं पाणी टँकमध्ये.

भर पावसात टँक पूर्ण उपसूही नका. फायबरची किंवा प्लॅस्टिकची रिकामी टँक भूजलामुळे वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसलीच तर लगेच साध्या पाण्याने भरा. उपसणीचं काम गाडीने आणि पंपानेच. टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही, कोणत्याही परिस्थितीत. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने बेकायदा आहेच, आणि सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून वायू गेला असं समजणारी माणसं त्यात दगावतात.

---

मडगावची_चूल

डांबराच्या गोळ्यांबद्दल: नका टाकू. त्या पाण्यात विरघळत नाहीत, पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसतात आणि वळण अडवतात. वास फक्त वासाने झाकला जातो, झुरळांचा रस्ता तसाच राहतो.

तीन महिने पाणी टिकवायला तेलाचा थर हाच सोपा उपाय आहे. औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते घ्या. खोबरेल किंवा शेंगतेल चालतं, पण ते खवट होतं, चिकट थर धरतं आणि मुंग्या-झुरळांना बोलावतं. पॅराफिनला वास नाही आणि ते बिघडत नाही.

क्रम महत्त्वाचा. घर बंद करायच्या दिवशी सगळी धुणीभांडी आटोपली, फरशी पुसून झाली की प्रत्येक जाळीत अर्धी बादली स्वच्छ पाणी ओता. पाच मिनिटं थांबा, पाणी स्थिर होऊ दे. मग पळीने काठाकाठाने दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, पॅराफिन सोडा. चार इंची तोंडावर साधारण तीन-चार मिमीचा थर होतो, तेवढा पुरतो. वाटीच्या ट्रॅपमध्ये टोपीच्या बाहेरच्या कड्यात घालायचं. यानंतर त्या जाळीत थेंबभरही पाणी नको, नाहीतर तेल वाहून जातं. संडासाच्या भांड्यातही तसंच, एक चमचा जास्त. वर झाकण पाडा. परत आल्यावर प्रत्येक ठिकाणी बादलीभर कोमट साबणाचं पाणी सोडलं की झालं.

स्वयंपाकघरातलं सिंक विसरलं जातं. तिथला बॉटल ट्रॅप बंद करायच्या आधी उघडून धुवायलाच हवा, कारण माशांची खवलं, नारळाचा चोथा आणि तांदळाच्या धुवणाचा साका त्याच्या तळच्या वाटीत बसतो आणि तीन महिन्यांत तिथेच कुजतो. खाली बादली ठेवा, तळची वाटी हाताने उलटी फिरवून काढा, जुन्या टूथब्रशने घासा, वॉशर जागेवर बसलाय ना ते बघून परत लावा, तांब्याभर पाणी ओता आणि मग पॅराफिन. सिंकला सुरकुत्यांचाच पाइप असेल आणि सध्या बदलायचा नसेल, तर त्याला खाली इंग्रजी यू सारखा झोळ देऊन तारेने बांधा, झोळात दोन इंच पाणी उभं राहील असा. कामापुरता ट्रॅप होतो. फक्त सुरकुत्यांत तुपकटपणा लवकर धरतो, तेव्हा कायमचा उपाय समजू नका.

अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच दिवशी कधीही वापरू नका, क्लोरीन वायू तयार होतो. आणि दोन्ही भरमसाट वापरलं की सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

---

जुन्या_वस्तू_नव्या_नजरेने

वरच्या तिघांनी काम सांगितलंच आहे. मला या वळणाबद्दल थोडं लिहायचं आहे, कारण घरातल्या सगळ्या शोधांत हा मला सर्वांत कमी दखल घेतलेला वाटतो.

इंग्लंडमध्ये जॉन हॅरिंग्टन याने १५९६च्या सुमारास पाणी सोडून धुण्याचा संडास वर्णन केला होता. पण भांड्याखाली वास अडवणारं काही नव्हतं, त्यामुळे तो घरात नांदला नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट घेतलं. त्यात भांड्याखालच्या पाइपला एसच्या आकाराचं वळण होतं. कमिंगचा स्कॉटलंडमध्ये जन्म, लंडनमध्ये धंदा. त्याच्या त्याच यंत्रातली सरकती झडप त्रास द्यायची, ती तीनच वर्षांत जोसेफ ब्रामाने बदलली. वळण मात्र अडीचशे वर्षं तसंच आहे. त्यात हलणारा भाग नाही, झिजणारं काही नाही, आणि प्रत्येक वापराला ते स्वतःच नव्या पाण्याने भरतं.

आपल्याकडे जुन्या गावघरांतला संडास घरापासून लांब परसात असायचा, मैला डुकरं खायची असे डुकरांचे संडास तर अनेकांनी पाहिले आहेत. संडास झोपायच्या खोलीला लागून आला तो टाइल्समुळे किंवा फ्लशच्या टाकीमुळे नव्हे. हे पाणी मधे उभं राहिलं म्हणून आला.

आणि ते नसलं की काय होतं याचा दाखला फार जुना नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत ३००हून अधिक रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार झाला. तपासणीत जी कारणं पुढे आली त्यांत न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप होते. लोक फरशी धुण्याऐवजी पुसत होते, त्यामुळे जाळीत पाणीच जात नव्हतं, आणि एक्झॉस्ट पंखा लावला की मैल्याच्या पाइपमधली हवा तुषारांसकट न्हाणीत ओढली जायची. आपल्या फ्लॅटमध्येही आता फरशी पुसायचीच पद्धत आहे. पाहुण्यांची न्हाणी वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी जाळीत घाला, आणि ट्रॅप भरलेला आहे याची खात्री नसेल तिथे दार लावून एक्झॉस्ट चालवू नका.

---

केरी_पेडणे

सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या न्हाणीत वाटीचाच ट्रॅप आहे आणि टोपी खरंच नाही. वर व्हेंट पत्र्याखाली कापलेला आहे, त्यावर बूच. दोन गोष्टी अजून विचारतो. वरच्या खोलीत एसी लावला की पहिली पाच मिनिटं तोच वास येतो, त्याचा याच्याशी संबंध असेल का? आणि अगरबत्तीचा धूर जाळीवर धरून गळती बघतात, ते करू का?

---

सावर्डे_बांधकाम

एसीचा संबंध असण्याची दाट शक्यता आहे. एसीच्या पाण्याची बारीक नळी कोणीतरी संडासाच्या किंवा न्हाणीच्या पाइपमध्ये थेट घुसवली असणार. एसी बंद असताना तिच्यात पाणी नसतं आणि पंखा फिरला की वायू सरळ खोलीत. ती नळी बाहेर काढा आणि गली ट्रॅपच्या जाळीच्या वर दोन इंच मोकळी सोडा, पाणी ठिबकताना दिसलं पाहिजे. वॉशिंग मशीनच्या पाइपचंही तेच, तोही थेट कोंबलेला असतो.

अगरबत्ती नको. त्या पाइपमध्ये मिथेन असू शकतो, त्याला वास नसतो आणि तो पेटतो. टँकच्या किंवा चेंबरच्या झाकणाजवळ तर काडीसुद्धा ओढायची नाही. त्याऐवजी रात्री प्रत्येक जाळी, बेसिनचं तोंड आणि सिंक यांच्यावर प्लॅस्टिकची पिशवी पसरून चारी बाजूंनी रुंद टेप लावा, खिडक्या बंद करा. सकाळी खोलीत वास नसेल तर एकेक टेप काढत जा, प्रत्येकीच्या मधे अर्धा तास. ज्या तोंडाशी वास येईल तिथेच गळती. सगळी तोंडं बंद असतानाही वास आला तर संडासाच्या भांड्याचा भिंतीतला किंवा जमिनीतला जोड सुटलेला असू शकतो. भांडं थोडं हलतं का बघा.

---

नळजोड_फोंडा

टोपी नाही म्हटल्यावर खालचं काम स्वस्तात होईल. जुन्या चौकटीचं आतलं माप मिमीमध्ये घेऊन दुकानात जा, अंदाजाने नको, कारण ११० आणि १०० या दोन्ही मापांच्या वाट्या दिसायला सारख्या असतात. खोल वाटी मिळाली नाही तर सिलिकॉनची एकतर्फी झडप घाला. पाणी आलं की तिचे ओठ उघडतात, नाहीतर मिटलेले असतात. बंद घराला ती उपयोगी आहे, पण केस अडकला की ओठ अर्धवट उघडे राहतात आणि काही वर्षांत ते कडक होतात. म्हणून ती सीलच्या जोडीला, सीलच्या बदल्यात नव्हे.

व्हेंट पत्र्यावर काढाल तेव्हा तोंडाला डासांची बारीक जाळी तारेने घट्ट बांधा. सेप्टिक टँकमध्ये क्युलेक्स डास वाढतात आणि उघडा व्हेंट हा त्यांचा बाहेर यायचा रस्ता आहे. जाळी नायलॉनची घ्या, लोखंडी जाळी खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा चुरा तोंड बुजवतो. दरवर्षी पत्रे झाडायला माणूस वर चढेल तेव्हा त्यालाच ती जाळी ब्रशने साफ करायला सांगा.